बेचाळिसाव्या पानाचा कोपरा

अन्याय आपावर झाला. गेल्या पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना, घनसावंगीच्या एका मंगल कार्यालयात, भरल्या सभेत. करणारा मोठा कादंबरीकार होता. आणि त्याला हातभार लावणाऱ्यांत मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणी मला नुसता साक्षीदार समजेल.

आपा म्हणजे आमच्या जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची बोर्ड रंगवणारी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण सगळं गावच तिला आपा म्हणतं. वडिलांच्या, म्हणजे सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्यांच्या जोडीने ती दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवते. फ्लेक्स आल्यावर बाकीचे पेंटर दुसऱ्या धंद्याला लागले. या दोघांनी शिडी सोडली नाही. मी हसनाबादचा. तिथल्या विहारातल्या अभ्यासवर्गात पत्रकं लिहायला शिकलो, आणि मोर्चाचे बोर्ड आपाकडून रंगवून घ्यायला लागलो. तिथे कळलं की ब्रशच्या डब्याशेजारी तीही त्याच कादंबरीकाराची पुस्तकं ठेवते. त्याच्या पुस्तकातली माणसं आमच्यासारखी बोलायची. आम्हाला तेवढं पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या एका कार्यक्रमात तो स्टेजवरून म्हणाला, "माझा पुढचा नायक उडणार आहे. त्याला शब्द पुरणार नाहीत, चित्रं लागतील." एवढंच. पण त्याच्या वाचकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, टेंभुर्णीतल्या एका खतवाल्याने काढलेला. तिथे संध्याकाळपर्यंत पक्कं झालं की सर सुपरहिरोचं कॉमिक लिहून राह्यले.

मग खताच्या पोत्यांवर बसून रोज चर्चा.

"पाठीवर काय असंल त्याच्या?"

"घोंगडी."

"उन्हाळ्यात उडला तर?"

"मंग उपरणं. त्यात काय एवढं?"

"अन् आडनाव?"

 शेवटी खतवालाच म्हणाला, "आडनाव ठिवूच नका. आडनाव लागलं की निम्मा तालुका म्हणंल, आमच्या घरावरून उडू नको."

मी पत्रक काढलं. पहिल्या कच्च्या मजकुरात 'असं ऐकिवात आहे' असं होतं. ते मी खोडलं. अभ्यासवर्गाचा पहिला धडाच तो: पत्रकात शंका लिहायची नाही, शंका घेणाऱ्याच्या मागे लोक येत नाहीत. पाणीटंचाईच्या पत्रकाला हा नियम बराबर लागू पडतो. इथे तो लावायला नको होता. 'मराठवाड्याचा माणूस उडणार! सरांची लेखणी कॉमिकमध्ये!' असं छापून बाजारच्या दिवशी वाटलं.

पत्रकाचा फोटो सरांपर्यंत गेला. त्यांनी नाकारलं नाही. उलट खतवाल्याला आवाजी निरोप पाठवला: "मजा आली. तुमच्याकडं चित्रं काढणारं कुणी आहे का? काढू द्या. मी बघतो."

खतवाल्याने तो निरोप दुकानात तीनदा वाजवला. तिसऱ्या वेळी समोरची पाटी रंगवणारी आपा शिडीवरून उतरून ऐकायला आली.

"'बघतो' म्हणले ना, भाई?" तिने मला विचारलं.

"बघतो म्हणले."

हा शब्द इतरांसाठी साधा असेल. चाचांच्या दुकानात तो साधा नाही. तिथे एक रीत आहे. बोर्ड पुरा झाला तरी उजवा खालचा कोपरा कोरा ठेवायचा. गिऱ्हाईकाने स्वतः यायचं, बोर्डासमोर उभं राहून नीट पाहायचं, चांगलं-वाईट तोंडावर सांगायचं. त्यानंतरच पेंटर कोपऱ्यात आपलं नाव घालणार. चाचा म्हणतात, "गिऱ्हाईकानं नजर टाकल्याबिगर सही केली तर ती चोरी हाय." त्यामुळे 'बघतो' म्हणणारा माणूस आपाच्या लेखी गिऱ्हाईक झाला होता, आणि गिऱ्हाईक येणारच.

तिने चौदा महिने चित्रं काढली. दिवसा पाट्या, दुपारच्या सुट्टीत पानं. बेचाळीस पानं. गोष्टही तिचीच, कारण सरांकडून पुढे काहीच आलं नव्हतं. तिचा माणूस घोंगडी घेऊन उडतो, पण फार उंच नाही. शिडीवरून दिसतं तेवढ्याच उंचीवरून त्याला गाव दिसतं. पत्र्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या. उसाच्या गाडीवर झोपलेला माणूस. टाकीचं झाकण उघडं राहिलंय हे त्याला एकट्याला दिसतं, आणि तो खाली येऊन ते लावतो. एवढाच त्याचा पराक्रम. मी पानं पाहिली तेव्हा गंमत म्हणून पाहिली. मला वाटलं, खरं पाहणारा पुढे आहेच.

मग तो रविवार. सरांच्या नव्या कादंबरीचं प्रकाशन. खतवाला, मी आणि आपा जीपने गेलो. पानांची गुंडाळी तिने ओढणीत बांधून मांडीवर घेतली होती. जीपमध्ये कुणाचा गुडघा लागला तरी डोळे वटारायची.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. खतवाल्याने उठून विचारलं, "सर, ते सुपरहिरोचं कॉमिक कधी?"

सर हसले. "अहो, ती थट्टा होती. वाचकांना काहीतरी चाळा लागतो. वर्षभर माझं नाव चर्चेत ठेवलंत, आभारी आहे. पण मी काय आता बाहेरून चड्डी घालणाऱ्यांवर लिहू?"

सभागृह हसलं. खतवाला उभ्या उभ्याच हसला. मीही हसलो. का हसलो? पुढच्या रांगेत बसलो होतो म्हणून. मोठ्या माणसाने विनोद केला की पुढच्या रांगेला हसावं लागतं. मी हसत हसत वळलो आणि आपाने मला पाहिलं.

तरी ती गेली. सरांच्या टेबलापुढे लोक पुस्तकं उघडून सहीसाठी रांगेत होते, त्या रांगेत ती उभी राहिली. तिची पाळी आली. तिने गुंडाळी सोडली; शेवटचं पान वर आलं. त्यात तिचा माणूस गोदावरीच्या काठावर उतरतो आणि घोंगडी झटकतो. उजवा कोपरा कोरा.

"सर, तुम्ही बघतो म्हणले होते," ती म्हणाली.

सर शेजारच्या माणसाशी बोलत होते. त्यांनी मान वळवली नाही. पेन आपोआप खाली आलं आणि कोऱ्या कोपऱ्यात स्वतःची लांबलचक सही करून मोकळं झालं. "पुढे," कुणीतरी म्हणालं.

 परत टेंभुर्णीत जीपमधून उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पण हसून राह्यल्ते, भाई."

चाचांनी पान पाहिलं आणि सफेद्याचा डबा काढला. "बेटा, मिटवून टाक."

"न्हाई अब्बा. राहू द्या. काय केलं ते दिसू द्या."

तेव्हापासून ती पाट्या रंगवते, चित्र काढत नाही. मी माफीचं पत्रक लिहून नेलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंय. मला पत्रक न्हाई पाहिजे." मग तिला काय पाहिजे हे विचारायला मला दोन महिने लागले. शेवटचं पान ती नव्याने काढायला तयार आहे. पण पहिली एकेचाळीस कुणीतरी समोर उभं राहून पाहिल्याशिवाय नाही. मी पाहिली, सगळी, यावेळी नीट. तिने मान हलवली. "तुम्ही घरचे. घरचा माणूस गिऱ्हाईक न्हाई होत."

ग्रुप अजून चालू आहे. सरांच्या पुढच्या पुस्तकात काय असेल यावर तिथे नवे तर्क लढवून राह्यलेत. तुम्ही त्या ग्रुपात असाल, नसाल. त्या दिवशी हसला असाल, नसाल. टेंभुर्णीला या. पानं चाचांच्या दुकानात दोरीवर चिमट्यांनी लावून ठेवली आहेत. पहिल्यापासून एकेचाळिसाव्यापर्यंत पाहा, आणि चांगलं असो की वाईट, आपाच्या तोंडावर सांगा. 'बघतो' म्हणू नका. या.