टेबलाखालचा प्रॉम्प्टर

मी झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. मंचापुढच्या खोलगट जागेत, पेटीवाल्याच्या शेजारी बसून अख्खं नाटक नटांच्या कानात सोडणारा. आमच्याकडे तालमी कमी आणि प्रयोग उदंड; आजचा नायक काल दुसऱ्याच गावात खलनायक असतो. त्यामुळे बोलणाऱ्याला खालून कोणीतरी शब्द पुरवणं ही लबाडी आहे, असं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चंद्रपुरात नर्स असलेल्या माझ्या भाचीला विलायतेतल्या इस्पितळात नोकरी लागली. व्हिसावाल्यांनी तिची मुलाखत ठेवली, घरूनच, लॅपटॉपवर. बहिणीने लगेच मला फोन केला.

"दादा, तू टेबलाखाली बस. पोरगी घाबरली का सारं विसरते."

"बसतो ना! दोन चादरी लाव, पडदा झाला."

भाचीचा चेहरा मात्र उतरलेला. "मामा, मले भेव लागून राह्यलं. एजंट म्हणे, खोटेपणा सापडला तर वर्षानुवर्षं दार बंद."

"काऊन भेतं? आलापल्लीचा साग तोडून न्यायले यांचे साहेब आले, तवा आपण घेतली होती का त्यांची मुलाखत?"

बहीण हसली. भाची हसली नाही. तिने इंग्रजीची परीक्षा दिली होती, छातीचा फोटो काढून क्षय नसल्याचा दाखला आणला होता. एकेकाळी आपण त्यांची प्रजा, आता म्हणे राष्ट्रकुलातले भाऊबंद. भाऊबंदकी काय असते ते विदर्भातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी टेबलाखाली शिरलो. गुडघे हनुवटीला, हातात प्रश्नोत्तरांचे कागद. समोर भाचीचे पाय. लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज आला, गोड आणि थंड. सगळं इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतो.

"इस्पितळ कोणत्या गावात आहे?"

भाचीच्या पायाची बोटं आत वळली. मी हळूच गावाचं नाव सोडलं. तिने ते उचललं.

"तिथे कोणत्या वॉर्डात काम करणार?"

पुन्हा बोटं आत. पुन्हा मी. मला वाटलं, आज प्रयोग रंगणार!

मग बाई थांबल्या. नुसत्या थांबल्या. नाटकात असा विराम आला की मी घामाघूम होतो, कारण तो संहितेत नसतो.

"तुमच्यासोबत खोलीत कोणी आहे का?"

हा प्रश्न माझ्या कागदांवर नव्हता. "नाही" म्हणायला तिला प्रॉम्प्टर लागणार नव्हता. मी ओठ घट्ट मिटले. वर्षानुवर्षं दार बंद, दार बंद, एवढंच डोक्यात.

"आहे," भाची म्हणाली. "माझा मामा. टेबलाखाली."

"त्यांना समोर यायला सांगा."

मी चादर बाजूला सारून निघालो. पायाला मुंग्या, डोक्याला टेबलाची कड लागलेली. पडद्यावर एक गोऱ्या बाई, डोळ्यांत ना राग ना हसू. आयुष्यात प्रथमच मी उजेडात उभा होतो आणि मला वाक्य नव्हतं. हात जोडले, "जयभीम मॅडम" म्हणालो.

"कृपया खोलीबाहेर जा," त्या म्हणाल्या.

बाहेर बहीण दाराला कान लावून बसलेली. "काय बोलून राह्यली?"

"दारातून शब्द नाई समजत."

आतून भाचीचा एकटीचा आवाज येत होता. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा कुडता पाठीला चिकटला होता.

"त्यायनं विचारलं, मामा टेबलाखाली काऊन बसला. मी आपली नाटकं सांगतली. तू काय करते ते सांगतलं."

"अन त्या काय म्हणे?"

"काई नाई. लिहून घेतलं."

व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट अजून त्यांच्याकडेच आहे; निकाल त्याच्यासोबत कुरिअरनेच येणार. गल्लीत कुरिअरवाल्याची गाडी थांबली की बहीण मागे जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. भाची जागची हलत नाही. दार उघडायला मलाच जावं लागतं.