एकाच व्यक्तीची दोन नावे

माझा थोरला भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये, एका बुधवारी, आखातातल्या सरकारी रुग्णालयात वारला. कारण कोरोना. बातमी त्याच्या खोलीतल्या सोबत्याने फोनवर दिली. तो मूळचा नांदुऱ्याचा. दोघे एकाच कंपनीत वेल्डर होते.

मृतदेह भारतात पाठवता येणार नाही, हे त्याच संध्याकाळी कळले. पत्नीची नोटरी केलेली संमती पोचली, तर देह सोबत्याच्या ताब्यात मिळणार होता. तिथे दहनाची सोय होती आणि अस्थी पुढे घरी आणता आल्या असत्या. संमती पोचली नाही, तर तिथले प्रशासन शिरस्त्याप्रमाणे दफन करणार होते. दूतावासातल्या बाईंनी सांगितले की मूळ कागद नंतर पाठवला तरी चालेल, आधी स्कॅन पाठवा. पण शवागारात जागा नाही, उशीर करू नका.

हे सगळे मी अमडापूरच्या घरी वहिनींना सांगितले.

"त्यायचं तोंड तं आता पाह्यले भेटत नाही," त्या म्हणाल्या. "अस्थी तरी घरी आल्या पाह्यजे, भाऊजी. वावरात पिंपळ लावू त्यायच्यावर."

गुरुवारी आम्ही मोटरसायकलने चिखलीला निघालो. एसटी बंद होती. संमतीपत्र मी इंग्रजीत टाइप करून घेतले होते. सोबत भावाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि वहिनींचे आधार कार्ड होते. चिखलीच्या वेशीवर पोलिसाने काठी आडवी धरली.

"काऊन बे, बायकोले घेऊन हवा खाऊन राह्यला का?"

"वहिनी आहे. भाऊ वारला. नोटरीकडे चाललो."

त्याने वहिनींकडे पाहिले आणि काठी खाली घेतली. "जा. मास्क वर घ्या."

कोर्ट बंद असल्याने नोटरी वकील घरूनच काम करत होते. फाटकाच्या आत टेबल होते, बाहेर आम्ही उभे. कागद प्लास्टिकच्या ट्रेमधून आत जायचे. त्यांनी आधी सगळ्यावर सॅनिटायझर मारले, मग वाचायला घेतले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर थांबले, आधार कार्ड पाहिले, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"आधार एक बाई सांगते, पासपोर्ट दुसरी सांगते. तुमच्या भावाले दोन बायका व्हत्या का?"

वहिनींनी उत्तर दिले. "एकच व्हती. तीच उभी आहे."

वकिलांनी चष्मा काढला. "माफ करा, ताई. मले हे विचारावंच लागते."

खुलासा साधा होता. लग्नात मुलीचे पहिले नाव बदलण्याची रीत आमच्या घरात बौद्ध झाल्यावरही टिकली होती. मंगलपरिणय झाला, पंचशील झाले, जेवणाच्या पंगती बसायच्या आत भावाने नवे नाव जाहीर केले. ते त्याने स्वतः निवडले होते. आईने सुचवलेले दुसरे नाव त्याने ऐकून घेतले होते आणि बाजूला ठेवले होते. तेव्हापासून सासरी, गल्लीत, बचत गटात वहिनी त्याच नावाने ओळखल्या जात. पासपोर्ट काढताना पत्नीच्या नावापुढे भावाने तेच लिहिले. आधार मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून निघाले होते, म्हणून त्यावर माहेरचे नाव. आमच्याकडे बहुतेक घरांत हे असेच असते. कोणाला त्याची अडचण आलेली नव्हती.

"गावात चालते. परदेशात ते म्हणतील, ही बाई कोण?" वकील म्हणाले. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल. स्टॅम्प पेपरवर."

स्टॅम्प विक्रेत्याचे दुकान तोवर बंद झाले होते. निर्बंधांमुळे बाजार सकाळीच आटपत असे. मी त्याच्या घरी गेलो. पेपर दुकानात कुलपात होते आणि तो स्वतः तपासणीचा अहवाल येण्याची वाट पाहत घरात कोंडून होता. दुसऱ्या विक्रेत्याने शुक्रवारी सकाळी या म्हणून सांगितले. गुरुवार असा गेला.

शुक्रवारी सकाळी पेपर मिळाला. वकिलांच्या कारकुनाने ओसरीत बसून मजकूर टाइप केला. शेवटच्या परिच्छेदावर तो थांबला.

"ताई, इथून पुढं कोणतं नाव वापराल, ते लिहा लागते."

वहिनी म्हणाल्या, "त्यायनं ठेवलेलं."

"पण बँकेत, रेशनमधे आधारवालं आहे नं. पुढं तरास होईन."

"होऊ द्या."

वकिलांनी त्यांना मास्क खाली करायला सांगितला, आधारवरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि मास्क पुन्हा लावायला सांगितला. वहिनींनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. भावाने ठेवलेल्या नावाने त्यांनी आजवर सही केलेली नव्हती, त्यामुळे वेळ लागला. नंतर नोंदवहीत सही आणि अंगठा झाला. वकिलांनी तिकिटे चिकटवली, शिक्के मारले, लाल गोल चकतीवर ठसा उमटवला. फी देऊ लागलो तर त्यांनी नको म्हणत ट्रे आत ओढून घेतला.

दुपारी बाराच्या आत मी दोन्ही कागद स्कॅन करून ईमेलने पाठवले आणि सोबत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. त्याने फोन केला.

"दादा, आज शुक्रवार. इथं आज-उद्या सुट्टी राह्यते. मी दवाखान्यात जाऊन पाह्यतो."

तो गेला. गेटवरून आत सोडले नाही. शनिवारी पुन्हा गेला. कागद मोबाइलवर दाखवला. ज्या अधिकाऱ्याची मंजुरी लागत होती, तो रविवारी येणार होता.

रविवारी दूतावासातून उत्तर आले. कागदपत्रे योग्य आहेत. मात्र दफन शनिवारी सायंकाळी झाले आहे.

मी उलट टपाली विचारले, गुरुवारी कागद पोचले असते तर दफन थांबले असते का. त्या प्रश्नाला उत्तर आले नाही.

पुढे निर्बंध सैल झाल्यावर सोबत्याने दफनभूमीचा फोटो पाठवला. रेतीचा उंचवटा आणि त्यावर क्रमांकाची पाटी. फोटो मोठा करून वहिनींनी तो क्रमांक वाचला आणि मोबाइल मला परत दिला. पुण्यानुमोदनाच्या स्मृतिविधीच्या दिवशी वावरात पिंपळ लावला. त्याच्या मुळाशी भावाचा कामाचा एक शर्ट पुरला.

संमतीपत्राची मूळ प्रत पाठवावी लागली नाही. दोन नावांचे प्रतिज्ञापत्र वहिनींनी माझ्याकडून मागून घेतले. गेल्या वर्षी त्यांनी नाव बदलल्याची जाहिरात राजपत्रात दिली, नंतर आधार आणि बँकेतले नाव बदलून घेतले. आता त्यांच्या सगळ्या कागदांवर भावाने ठेवलेले नाव आहे.