संडासासकट दक्षिणेला

दक्षिणेला जायचं ठरलं ते निसर्गाच्या ओढीने वगैरे नाही, रागाने. माझी माय नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी दादाकडे राहते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून तिने प्रवासच सोडला. नात्यातलं लग्न असो की विहारातल्या बायकांची सहल, ती कमरेचं कारण सांगून घरी राहायची. आंध्रातल्या अमरावतीचा स्तूप आणि एकदा समुद्र, एवढंच तिला बघायचं होतं. आम्ही नेतो म्हटलं, तर दादा म्हणाला, "मायले कायले हिंडवता? पडून राहू दे घरी." त्या 'पडून राहू दे'ने माझं डोकं फिरलं.

माझ्या नवऱ्याचा तिरोड्याला मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. गाद्या-खुर्च्या वाहायची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर त्याने दिवाळीआधी रिकामी केली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला शेगडी आणि पाण्याची टाकी, मागे प्लायवूडची खोली. त्या खोलीत खुर्चीसारखा बसायचा केमिकल टॉयलेट आणि धरायला स्टीलचा दांडा. तुम्हीही असं काही करणार असाल तर गाडीतल्या बदलाची परवानगी आधी काढा, आमचे सगळ्यात जास्त हेलपाटे तिथेच झाले. बाकी खर्च म्हणाल, तर तयार कॅरॅव्हॅन भाड्याने घेण्यापेक्षा पुष्कळच कमी. गावातले लोक मात्र खिडकीतून डोकावून एकच विचारायचे, "संडास गाडीत? छी." उघड्यावर जाणं त्यांना चालतं, बंद दाराआड बसणं नाही.

दादाची एकच अट होती, गावच्या मंडईच्या आधी परत यायचं. आमच्याकडे धान निघालं की प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई, मावश्या, आत्या सगळे त्या दिवशी घरी येतात, आणि घरची म्हातारी जागेवर नसली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मला ही अट तेव्हा फालतू वाटली होती.

ब्रह्मपुरी, चंद्रपूर, राजुरा करत आम्ही तेलंगणात शिरलो. रस्ता बहुतेक ठिकाणी छान आहे, चंद्रपूरच्या आसपास कोळशाचे ट्रक सोडले तर. पण पहिल्या दिवशी मायने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी बाटली पुढे केली की ती मान फिरवायची. गाडीतच सोय आहे, हे तिला चार वेळा सांगितलं. जन्मभराची सवय, बाईने प्रवासाला निघायचं म्हणजे घसा कोरडा ठेवून. या सवयीचं लोक कौतुक करतात, सोशिक म्हणतात. मला तर संताप येतो.

संताप पुढेही पुरला. एका पेट्रोल पंपावर टाकी भरली आणि नवऱ्याने महिलांच्या संडासाची किल्ली मागितली, कारण आमच्या टॉयलेटखालचा डबा धुवायचा होता. पंपावरचा पोरगा म्हणाला, किल्ली शेठकडे आहे, शेठ बाहेर गेलाय. किल्ली त्याच्याच डोक्यामागे खिळ्याला लटकलेली. खम्ममच्या पुढे एका रिसॉर्टवाल्याने आम्हाला आवारात गाडी लावू दिली नाही. खोली घ्या म्हणाला, आणि खोली दाखवली ती दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्याला मी मराठीत जे सुनावलं ते त्याला कळलं नसेल, आवाज कळला असेल. शेवटी एका धाब्याच्या मालकिणीने मागच्या अंगणात जागा दिली, पैसे घेतले नाहीत, आणि मायला बघून भात दुप्पट वाढला. माय आनंदली. परमुलखातही भातच, पोळीचं नाव नाही.

त्या जेवणानंतर तिने स्वतःहून पाणी मागितलं.

अमरावतीला स्तूपाचे अवशेष जमिनीलगत आहेत, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जरूर जा. काठी टेकत मायने हळूहळू फेरी पूर्ण केली, मग एका दगडाजवळ उभी राहून त्रिशरण, पंचशील म्हटलं. मी रडले, लपवत नाही. बापटल्याच्या समुद्रावर ती दार उघडून गाडीतच बसून राहिली, बघत. पाण्याला पलीकडचा काठच नाही, हे तिला पटेना. आमच्या बांधाच्या तलावाला चहूकडे जंगल दिसतं ना.

परतलो तेव्हा मंडई दोन दिवसांवर होती. गाडी अंगणात लागली, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि माय म्हणाली, "मी नाही उतरत."

दादा हसला. त्याला गंमत वाटली. "काऊन वो माय?"

"इथं मले बसता येते. तुया घरी परसात दोन पायऱ्या चढून जा लागते, अन् बसता येत नाही."

दादाने नवी पोर्च बांधली आहे, टाइल्स लावून, मोटरसायकलसाठी. तो पोर्चमध्येच उभा होता. लोक काय म्हनतीन, एवढंच त्याला सुचलं. माय म्हणाली, म्हनू दे.

मंडईच्या दिवशी सगळे पाहुणे तिला भेटायला गाडीत चढले. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मोठी मावशी मागच्या प्लायवूडच्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्यानंतर आत्या. मग आत्याची जाऊ. सगळ्यांचे गुडघे गेलेले, आणि सगळ्या घरून तहानलेल्या निघालेल्या. मंडईतला पाळणा सोडून म्हाताऱ्यांची रांग आमच्या गाडीशी लागली. दादा पोर्चमधून हे सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिस्त्रीला घेऊन आला. मायच्या खोलीची मागची भिंत फोडली, पलीकडे छोटी खोली काढून कमोड बसवला, दोन्ही बाजूंना दांडे. दार लागेपर्यंत माय गाडीतच राहिली आणि खिडकीतून मिस्त्रीला दांडा आणखी खाली घ्यायला लावत होती.

उतरताना मी तिचा हात धरला. वाटलं, प्रवासाबद्दल काहीतरी म्हणेल. ती नव्या दाराकडे बघत होती.

"एवढ्यासाठी," ती म्हणाली, "मले समुद्रावर न्या लागलं का व?"