मागचे स्पीकर आणि बाबांची भिंत

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. पदवीचा कागद फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला आहे, आणि पाहुणा आला की पंख्याचा वारा लागतो या निमित्तानं मी त्याला बरोबर त्या फ्रेमसमोर बसवतो. आसगावात कोणाचा मोटारपंप बंद पडो की मोबाईल, लोक मला विचारतात. येत नसलं तरी मी "पाहतो" म्हणतो. पदवीची इज्जत राखावी लागते. म्हणून नव्या स्पीकरसंचाच्या वेळी दुकानदार "लावून द्यायला माणूस पाठवतो" म्हणाला, तेव्हा मी नुसता हसलो. फिजिक्स शिकलेल्याला डबे टांगायला माणूस लागतो?

संच घेतला होता बाबांसाठी. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे रात्रभराचं बसणं, आणि बाबांचे गुडघे आता मंडपात बसू देत नाहीत. शेजारच्या गावात नाटक असलं की ते आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उभे राहून भोंग्याकडे कान लावायचे. ते मला पाहवत नव्हतं. मंडपासारखा चहूकडून आवाज घरातच यावा आणि बाबांनी त्याच्या मधोमध बसावं, एवढीच माझी इच्छा.

पुस्तिकेतल्या चित्रात ऐकणारा खोलीच्या मध्ये बसला होता. समोर तीन स्पीकर, थोडे मागं दोन, एकशेदहा अंशांवर. मी कॉलेजातली कंपासपेटी काढली, टीव्हीपासून सुतळी ताणली आणि कोनमापक घेऊन फरशीवर रांगत सुटलो. आईनं स्वयंपाकखोलीच्या दारातून पाहिलं.

"घर बांधून राहिला का बाबू, का पाडून राहिला?"

चित्रात सगळं होतं, फक्त आमची माणसं नव्हती. आमच्याकडे खोलीच्या मध्ये कोणी बसतच नाही. मधली जागा जाण्यायेण्याची. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेल्या पाठीला भिंत लागते. त्यातही बाबांची भिंत ठरलेली, दाराच्या बाजूची, खिडकीखालची. तिथून मान जराशी वळवली की अंगण दिसतं, आणि माणूस सपरीत चढायच्या आधी बाबांचं "या, बसा" त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. पण भिंतीला टेकलेल्या माणसाला मागची बाजूच नसते. मग माझे मागचे स्पीकर कुठं जाणार? मी विज्ञानाच्या बाजूनं निकाल दिला. सोफा ओढून खोलीच्या मधोमध घेतला, दाराकडे पाठ करून, आणि बाबांची सतरंजी गुंडाळून ठेवली.

बाबांनी सतरंजी उचलली आणि सपरीत जाऊन बसले.

रविवारी दुपारी मी उद्घाटन ठेवलं. बाबांचे जिवलग मित्र, शेजारचे काका, आले. बाबांना आईनं आत ढकललं. "बसा जी घडीभर, पोराचं मन राखा." बाबा सोफ्याच्या मध्यावर नवरदेवासारखे ताठ बसले, मागं भिंत नाही म्हणून न टेकता. मी मुद्दाम एका पिक्चरमधला तो प्रसंग लावला ज्यात कोणीतरी मागून दबकत येतो. मागचे स्पीकर वाजले. खस्, खस्, खस्.

"या जी, बसा!" काका वळून म्हणाले.

"कोन आलं जी?" आई आतून ओरडली. "चहा मांडू का?"

बाबा तर गुडघ्यावर हात देऊन उठले आणि दारापर्यंत पोचलेसुद्धा. अंगणात एक कोंबडी होती.

"काका, तो माणूस पिक्चरमधला आहे," मी म्हणालो.

"मंग त्याले तुमच्या दारातून कायले आणून राहिला बे?"

मी एकशेदहा अंश समजावून सांगू लागलो. काकांनी फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबा दारातूनच म्हणाले, "बाबू, पाठीमागं कोन येऊन राहिलं ते दिसत नाई, त मले बसवत नाई." आणि सपरीत गेले.

पुढचे काही दिवस मी खोलीच्या अचूक मध्यावर एकटा बसलो. आवाज चहूकडून येत होता, कोन बरोबर होता, आणि ज्याच्यासाठी केलं तो भिंतीपलीकडे बसून अंगण पाहत होता. शेवटी एके दिवशी ते शेतावर गेल्यावर मी सोफा कडेला सारला, सतरंजी पुन्हा खिडकीखाली अंथरली आणि मागचे स्पीकर खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर, बाबांच्या डोक्यावर येतील असे, चढवले. पुस्तिका मी लपवून ठेवली. तिनं ते पाहू नये असं वाटलं.

बाबा आले. वर पाहिलं. "माही छत्री कुठी हाय?"

छत्री दुसऱ्या खिळ्यावर दाखवली. मग ते बसले, टेकले. मी एका नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं. पेटी वाजली तशी त्यांची मान हलू लागली. जिंकलो, असं मी मनात म्हणालो.

ते फार टिकलं नाही. काही दिवसांनी पडद्यावर पावलं वाजत होती आणि त्याच वेळी सपरीत काका खरेच आले. ते खाकरले. आम्ही जागचे हललो नाही, मी तर बाबांना म्हणालो, "पाहा, कसं खरं वाटते!" काका पुन्हा खाकरले, मग खिडकीतून डोकं घालून म्हणाले, "या घरी मानसं राहतेत का डबेच राहतेत?"

त्या गुडघ्यांवर बाबांना इतक्या घाईनं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ते धोका पत्करत नाहीत. पावलं वाजली की "या, बसा" म्हणून टाकतात. चोर, फौजदार, भूत, सगळ्यांना आमच्याकडे या-बसा झालेलं आहे. मी एकदा म्हणालो, "बाबा, तो पडद्यावरचा आहे." ते म्हणाले, "या म्हनलं त आपलं काय जाते?"

परवा पिक्चरमध्ये हातात सुरा घेतलेला एकजण असाच मागून आला. बाबांनी नुकतीच तंबाखू तोंडात टाकली होती, तोंड रिकामं नव्हतं. माझ्याच तोंडून निघून गेलं, "या जी."

बाबांनी पडद्यावरची नजर न हलवता तंबाखू गालात सारली. "बसाले बी म्हन ना त्याले."