दारातली पिवळी रेघ

मंडळी, आज माझ्या जुन्या गाडीची पॉवर विंडो मीच दुरुस्त केली! काच खालीच अडकली होती आणि आमच्या मोशीच्या रस्त्यांवरची धूळ आईच्या दम्याला सोसत नाही.

दाराचं पॅड उघडलं, मोटरचं सैल कनेक्शन घट्ट बसवलं. काच सरसर वर!

तेवढ्यात मोटरच्या बोल्टवर पिवळी रेघ दिसली. चाकणला गाड्यांच्या कंपनीत मीही दारातला बोल्ट आवळला की बोल्टवरून पत्र्यापर्यंत अशीच रेघ मारतो. बोल्ट हलला, तर रेघ तुटते. रोज वाटायचं, दाराच्या आत कोण बघतंय राव!

इतकी वर्षं खड्डे खाऊनही ही रेघ सरळच.

आई वाकून म्हणाली, "कुणाच्या हातची असंल रं?"

मी रेघेवरून बोट फिरवलं. माझ्या रेघा आज कुणाकुणाच्या दारात असतील?

आणि तुमच्या कामाच्या, कुणाला न दिसणाऱ्या रेघा?