मामाचा जावई

मामाची पोरगी केली की माणसाची एक पंचाईत होते. तो जावई होतच नाही, भाचा होता तो भाचाच राहतो. हे मला लग्नानंतर कळलं, आणि कळलं ते माझ्या साडूमुळं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जतकडचा, मिलिटरीतला. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मामांच्या गावच्या यात्रेला तो रजा काढून यायचा आणि लोणंद स्टेशनवर उतरायचा. शिराळ्याहून आदल्या दिवशीच आलेला मी मामांची बैलगाडी घेऊन त्याला आणायला जायचो. त्याची लोखंडी ट्रंक खांद्यावर घ्यायचो तीही मीच. दारात मामी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची.

"आवं पावणं, लय वाळलासा!"

मग माझ्याकडं वळून, "आरं, बघतुस काय? बैल सोड, आन् पावण्यास्नी घोंगडं आंथर."

पंगतीत त्याला पाट, मी वाढपी. रश्शातली नळी शोधून त्याच्या ताटात घालायची, तीही माझ्याच हातानं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माणूस वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो माझ्यासाठी कँटीनमधली बाटली आणायचा आणि मी ती पिऊन त्याच्यावरच जळायचो.

एकदा न राहवून मामांना विचारलं, "मामा, मीबी जावईच हाय न्हवं तुमचा?"

मामा खो खो हसले. "तू कशाचा जावई रं? तुझं शेंबडं नाक पुसलंय म्या!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढं एका वर्षी मामा बांधावरून घसरले आणि कंबर धरली. आम्ही दोघेही जावई धावून गेलो. सकाळी मामांना परसाकडं जायचं होतं, पण उठता येईना. साडू पुढं झाला. अंगानं पहिलवान गडी, त्यानं मामांच्या पाठीखाली हात घातलासुद्धा. मामांनी धोतर गच्च धरलं.

"नगं पावणं, नगं. तुमी बसा." आणि माझ्याकडं बघून, "तू ये रं. उचल मला."

मी उचललं. मामांनी गळ्यात हात टाकला आणि सगळा भार माझ्यावर सोडून दिला.

त्यांना परत आणून निजवलं आणि बाहेर आलो, तर साडू कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "इतकी वर्सं झाली, ह्या घरात मला साधा तांब्या उचलू दिला न्हाई कुनी. तुझं बरं हाय गड्या."

मला त्याची कीव यायला हवी होती. पण तो जळतोय, आणि माझ्यावर जळतोय, हे बघून मला इतका आनंद झाला, की मी अगदी अदबीनं म्हणालो, "बसा पावणं, च्या आणतो."