न हलणारे कृमी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला जो प्रकल्प मिळाला, तो मातीतल्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमींवरचा होता. डोक्याजवळ हलकेच केस फिरवला की हा कृमी मागे सरकतो. केस भुवईचाच लागतो, कारण तो टोकाला निमुळता आणि मऊ असतो. काडीला चिकटवून तो वापरायचा. पण माझ्या भुवया मावसबहिणीच्या लग्नासाठी पार्लरमध्ये पार कोरून झाल्या होत्या, म्हणून मी बाबांकडे केस मागितला.

"भुवईचा केस? काऊन वं?"

"किड्यांले हळूच लावून पाहाचा हाय, बाबा. प्रयोग हाय."

"मंग माह्याच भुवया दिसल्या तुले?"

आई भाजी निवडत होती. "द्या ना. डोक्यावर तं राह्यले नाहीत, हे तरी पोरीच्या कामी येऊ द्या."

बाबा डोळे घट्ट मिटून बसले आणि मी दोन-तीन केस उपटले. मग त्यांनी विचारलं, शोधायचं काय आहे? मी कारल्याच्या मांडवाकडे बोट दाखवलं. मांडवाची तार ताणलेली असली की वाऱ्यात सरळ राहते, ढिली असली की झोल खाते. कृमीच्या कातडीलगत स्पर्श ओळखणारे लांब तंतू असतात. तो वळवळतो तेव्हा तेही ताणले जातात, आखडतात. त्यांच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. ती तंतूला ताणून धरते, म्हणून हजारदा वाकूनही तो शाबूत राहतो. ही जाळी बिघडली तर तंतू नागमोडी होतो, कधी तुटतोही, आणि स्पर्श नीट कळत नाही. "हाव, समजलं," बाबा म्हणाले. मला बरं वाटलं, कारण मलाही ते तेव्हाच नीट समजलं होतं.

मेहकरच्या आमच्या कॉलेजात दोन प्लेटा होत्या, एकीत निरोगी कृमी आणि दुसरीत स्पेक्ट्रिन बिघडलेले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते खूप खटपटीने दुसऱ्या शहरातून मागवले होते. त्या दिवशी सकाळी मी निरोगी प्लेट घेतली. केस लावला की कृमी मागे जात होता. खात्री व्हावी म्हणून त्यालाच परत लावला, मग शेजारच्याला, मग पुन्हा पहिल्याला. दुपारपर्यंत त्यांच्यातला एकही केसाला दाद देईना.

नावं लिहिलेली झाकणं लावताना प्लेटांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे आजवरचं सगळं काम चुकलं. नवे कृमी येईपर्यंत प्रकल्प देण्याची मुदत संपणार आणि वर्ष जाणार. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घरी काय सांगायचं? मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. मला नेहमी वाटायचं की मी जे विचारणार ते बाकी सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मग परत त्याच कृमींना केस लावत बसले.

शेवटी मॅडमच काहीतरी घ्यायला आत आल्या. "चेहरा असा का?"

"मॅडम, बहुतेक... प्लेटा बदलल्या माझ्याकडून."

त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "यांना कधीपासून केस लावते आहेस?"

"सकाळपासून. खात्री करायला, त्याच त्याच..."

त्या हसायलाच लागल्या. "अगं, तुझ्या खांद्यावर कोणी सकाळपासून टिचक्या मारल्या तर तू किती वेळ वळून बघशील? सवय झाली त्यांना. तंतू ठणठणीत आहेत, कृमी कंटाळलेत तुला! कोपऱ्यातला घे, ज्याला हात लावला नाहीस तो."

मी कोपऱ्यातला घेतला. केस टेकताच तो असा झर्रकन मागे गेला की माझ्या तोंडून "अय्या!" निघालं. त्याच्या पलीकडचाही गेला. दुसऱ्या प्लेटेतले बहुतेक मात्र आपल्या चालीने पुढेच सरकत राहिले. प्लेटा बदललेल्या नव्हत्या. मी स्टुलावर बसले आणि उगीचच चष्मा पुसत राहिले.

"अजून काही शंका?" मॅडमनी विचारलं.

एरवी मी मान हलवून नाही म्हटलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "हो, आहे. बिघडलेल्या कृमींना हलूच दिलं नाही, तर त्यांचे तंतू टिकतील का?"

मॅडमनी दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसल्या.